सभा, ठराव आणि इतिवृत्त

महाराष्ट्रातील मध्यमवयीन गृहस्थ न्यायालयाची पायरी आयुष्यात कदाचित एकदाही चढत नाही, विधिमंडळाच्या प्रेक्षागारात तर त्याचे पाऊल सहसा पडतच नाही. परंतु पतसंस्थेचे संचालक मंडळ, शाळेची व्यवस्थापन समिती, ग्रंथालयाचे कार्यकारी मंडळ, देवस्थानचे विश्वस्त मंडळ किंवा गृहनिर्माण संस्थेची कमिटी, यांपैकी कोठे तरी एका खुर्चीवर बसून दहा-पंधरा जणांबरोबर एखाद्या ठरावास संमती देण्याचा प्रसंग त्याच्यावर येतोच येतो. लोकशाहीचा त्याला घडणारा प्रत्यक्ष अभ्यास बहुधा एवढाच असतो. असे असूनही, एकेकट्याला विचारले असता जे कर्ज देण्यास पंधरापैकी दहा संचालक कचरतील तेच कर्ज पंधराही जण एकत्र बसले म्हणजे सर्वानुमते मंजूर कसे होते, या प्रश्नाचा आपल्याकडे जितक्या गांभीर्याने विचार व्हावयास हवा तितका झालेला नाही. सभेतील वक्तृत्वावर आणि अध्यक्षांच्या व्यक्तिमत्त्वावर आपण फार भिस्त ठेवतो. निर्णयाचे बरेवाईटपण मात्र सभेपूर्वी कागद कोणाच्या हाती केव्हा पडले आणि सभेनंतर वहीत काय लिहिले गेले, यांवर अधिक अवलंबून असते, असे या विषयाचा जुना-नवा इतिहास पाहता माझे मत झाले आहे.

आपल्या प्रदेशाला सामुदायिक निर्णयाची परंपरा इंग्रजांनी दिली, हा समज खरा नाही. शिवकालात आणि पेशवाईत गावचा किंवा परगण्याचा तंटा गोतसभेपुढे येई, तेव्हा वादी-प्रतिवादी दोघांकडून, सभा देईल तो निवाडा मान्य करू असे राजीनामे आधी लिहून घेत. मग जामीन, मग उभयतांच्या तकरिरी व करीने, म्हणजे आपापली म्हणणी, मग साक्षी, आणि अखेरीस महजर, म्हणजे निवाडपत्र. त्या महजरावर हाजिर मजालशीची, म्हणजे सभेस उपस्थित असलेल्यांची, नावे असत आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी असे: पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांची आपापल्या धंद्याची चिन्हे. या पद्धतीतील दोन गोष्टी आजही लक्ष वेधून घेतात. निर्णय काय लागेल हे ठाऊक होण्यापूर्वीच निर्णय करण्याची रीत उभय पक्षांनी मान्य केलेली असे, आणि निर्णयाच्या वेळी कोण हजर होते याचा लेख निर्णयाइतकाच महत्त्वाचा मानला जाई. अर्थात गोतसभेचे गोडवे गाताना, त्या सभेतला शब्द वतनाच्या वजनाने तोलला जात असे आणि स्त्रियांना तेथे सहसा स्थान नसे, हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आधुनिक पद्धतीची सभा महाराष्ट्रात रुजली ती १८७० च्या २ एप्रिल रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेपासून, असे म्हणावयास हरकत नाही. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून निघालेल्या या संस्थेत सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० माणसांनी सह्या केलेले मुखत्यारनामे आणावे लागत. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी तिला जे वजन प्राप्त करून दिले त्याचे पुष्कळसे श्रेय, बोलणारा कोणाच्या वतीने बोलत आहे हे आधी सिद्ध करावयास लावणाऱ्या या नियमाकडे जाते. पुढे १८९५ मध्ये टिळकपक्षाने सभेत बहुमत मिळविले आणि रानडे-गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. एकाच संस्थेत राहून भिन्न मतांनी कसे नांदावे, ही विद्या त्या पिढीतील थोरांनाही साधली नव्हती.

ती विद्या न साधल्याची किंमत किती मोठी असू शकते हे १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस दिसले. त्या काँग्रेसचा इतिहास आपण जहाल-मवाळ या तात्त्विक भेदाच्या भाषेत वाचतो, आणि तो भेद खराच होता. परंतु ज्या क्षणी मंडपात खुर्च्या उडाल्या त्या क्षणीचा वाद शब्दशः सभाशास्त्राचा होता. कलकत्त्यास १९०६ मध्ये मंजूर झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे चार ठराव सौम्य केले जातील अशी जहालांना धास्ती होती, आणि नव्या ठरावांचे मसुदे प्रतिनिधींच्या हाती वेळेवर न पडल्याने ती धास्ती वाढली. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या सूचनेवर आपणांस उपसूचना मांडावयाची आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे धाडली होती. तिचे उत्तर आले नाही. २७ डिसेंबरला ते आपला हक्क बजावण्यासाठी व्यासपीठावर जाऊन उभे राहिले, तेव्हा अध्यक्षांची निवड झालेली असून उपसूचना नियमबाह्य आहे असा निर्णय त्यांना ऐकविण्यात आला, आणि मग जे घडले त्यात कोणीतरी भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मसुदे दोन दिवस आधी वाटले गेले असते, चिठ्ठीला लेखी उत्तर गेले असते आणि उपसूचनेस दहा मिनिटे देऊन मते मोजली गेली असती, तर फूट टळलीच असती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही; पण ती मंडपातील दंगलीच्या रूपाने झाली नसती. ज्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली आणि जो मतदानात हरला, तो मनुष्य सभेत राहतो. ज्याला ती मिळाली नाही तो सभा सोडतो, किंवा मोडतो.

आजच्या संस्थांना कायद्याने घालून दिलेली चौकट पुरेशी भक्कम आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ७२ व्या कलमाने अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेकडे आणि ७३ व्या कलमाने व्यवस्थापन समितीकडे सोपविले आहे. समितीची कमाल सभासदसंख्या २१, मुदत पाच वर्षे आणि महिलांसाठी दोन जागा, ही व्यवस्था ९७ व्या घटनादुरुस्तीच्या अनुषंगाने २०१३ मध्ये राज्याच्या कायद्यात आली. कंपन्यांच्या बाबतीत २०१३ चा कायदा वर्षाला किमान चार बैठका, दोन बैठकींत १२० दिवसांहून अधिक अंतर नको, सात दिवसांची नोटीस आणि ३० दिवसांत इतिवृत्त अशी शिस्त लावतो. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतील जी संख्या कमी असेल ती. नियमांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. मात्र प्रत्येक संस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत तळाशी जी ठरीव ओळ असते, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल आणि तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही, त्या ओळीने गणपूर्तीच्या नियमाचा जीवच काढून घेतला आहे. हजार सभासदांच्या संस्थेचा वर्षाचा हिशेब चाळीस माणसे त्या अर्ध्या तासानंतर मंजूर करून उठतात, आणि ते कायदेशीर असते.

आता अशा एखाद्या पतसंस्थेच्या मासिक बैठकीत जरा जवळून डोकावू. सहाची वेळ असते. साडेसहापर्यंत कोरम जमतो. हजेरी पुस्तक फिरते, सह्या होतात, चहा येतो. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. व्यवस्थापक पहिली ओळ वाचतात आणि कोणीतरी ‘कायम’ म्हणतो. दुसरा विषय जमाखर्च, तोही मंजूर. तिसरा विषय आलेल्या कर्ज-अर्जांचा: यादी मेजावर त्याच वेळी येते, तीत वीस नावे असतात, जामीनदारांचे रकाने बारीक टाइपात असतात, आणि ज्यांच्या ओळखीचा अर्ज आहे ते दोन-तीन संचालक सोडून बाकीचे पुढील पान उलटतात. चौथा विषय थकबाकीचा; ‘वसुलीचे प्रयत्न चालू आहेत’ या वाक्यावर तो आटोपतो. मग येतो सभासदांना द्यावयाच्या दिवाळी भेटीचा विषय, आणि सभेत एकदम प्राण येतो. स्टीलचा डबा द्यावा की चादर, गेल्या वर्षीच्या डब्याचे झाकण नीट बसत नव्हते, दर कोणी मागविले, या चर्चेत पाऊण तास सहज निघून जातो. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदराखाली जागाखरेदीसारखा लाखो रुपयांचा विषय घाईघाईने येतो, कारण लोक घड्याळाकडे पाहू लागलेले असतात.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ मध्ये असेच चित्र रेखाटले होते: अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत संमत करणारी समिती सायकली ठेवण्याच्या छपरावर मात्र जिद्दीने वाद घालते. संचालकांना यात दोष देणे सोपे आहे. पण मुळात माणसाला डबा समजतो म्हणून तो डब्यावर बोलतो. ताळेबंद आणि तारण त्याला समजावे अशी तजवीज कोणी केलेली नसते, आणि पंधरा जणांसमोर अज्ञान उघडे करण्याचा संकोच स्वाभाविक आहे. उपाय विषयपत्रिकेतच आहे. थकबाकी आणि मोठी कर्जे पहिल्या अर्ध्या तासात घ्यावीत. प्रत्येक विषयापुढे तो माहितीसाठी आहे, चर्चेसाठी आहे की निर्णयासाठी, हे लिहावे. टिपणे तीन-चार दिवस आधी घरपोच व्हावीत. आणि आयत्या वेळच्या विषयांत पैशाचा कोणताही विषय घेऊ नये, असा ठराव संस्थेने एकदाच करून ठेवावा. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या शेतकरी नेत्याने धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाला अध्यक्षस्थानी आणले, त्यामागचे शहाणपण हेच होते. आज ‘तज्ज्ञ संचालक’ म्हणून जी जागा कायद्याने ठेवली आहे तीत मात्र निवडणुकीत पडलेल्यांची सोय लावली जाते, ही खेदाची गोष्ट होय.

माणसे एकत्र बसली म्हणजे त्यांच्या विचारशक्तीचे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला. सॉलोमन अ‍ॅश याने १९५० च्या दशकात केलेले प्रयोग अगदी साधे होते: कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढाच प्रश्न, पण आधीच्या सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिल्यावर शेवटचा, अनभिज्ञ मनुष्य सुमारे तृतीयांश वेळा डोळ्यांनी दिसणारे सत्य टाकून इतरांच्या मागे गेला. त्याच प्रयोगांत, एक जरी जोडीदार खरे उत्तर देणारा असला तर ही शरणागती एकदम ओसरते, असेही आढळले. १९८५ मध्ये स्टासर व टायटस यांनी दाखविले की गट मुख्यतः सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच चर्चा करतो आणि एखाद्यालाच ठाऊक असलेली माहिती, मग ती निर्णायक का असेना, मेजावर येतच नाही. कर्जदाराचे दुकान गेले दोन महिने बंद आहे हे त्या गल्लीत राहणाऱ्या एका संचालकाला ठाऊक असते. तो ते सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारीत नाही.

इर्व्हिंग जॅनिस याने १९७२ च्या आपल्या ग्रंथात मोठ्या राजकीय निर्णयांची अशीच चिकित्सा केली. १९६१ मध्ये क्यूबावरील फसलेल्या स्वारीस केनेडींच्या बुद्धिमान सल्लागारांनी मान डोलावली. दीड वर्षाने, क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात, तीच मंडळी बऱ्याच अंशी शहाणी ठरली. दरम्यान पद्धत बदलली होती: अध्यक्ष स्वतः काही बैठकींना मुद्दाम गैरहजर राहिले, म्हणजे त्यांचा कल पाहून इतरांनी बोलू नये. आपल्याकडे अध्यक्ष आरंभीच आपले मत सांगून ‘यावर कोणाला काही बोलायचे आहे काय’ असे विचारतात, आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणाऱ्या समाजात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. सर्वांत नव्या सभासदाने प्रथम बोलावे आणि अध्यक्षांनी सर्वांच्या शेवटी, एवढा क्रम पाळला तरी सभेचा नूर पालटतो. वडिलकीचा यात उपमर्द होत नाही. उलट शेवटचा शब्द त्यांचाच राहतो.

मतदानाविषयीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दोन पर्यायांत बहुमत सरळ असते. तीन झाले की ते फसवे होऊ शकते, हे कॉन्डोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्येच दाखविले. जुनी इमारत पाडून नवी बांधण्यासाठी गृहनिर्माण संस्थेपुढे तीन विकासक आले आहेत असे समजा. सभासदांचे तीन सारखे गट आहेत; पहिल्याला अ, ब, क या क्रमाने विकासक पसंत आहेत, दुसऱ्याला ब, क, अ आणि तिसऱ्याला क, अ, ब. मग अ हा ब ला हरवितो, ब हा क ला हरवितो आणि क पुन्हा अ ला हरवितो. कोणत्या जोडीचे मत आधी घ्यावयाचे हे ठरविणारा मनुष्य निकाल ठरवितो. म्हणून मत घेण्याची रीत विकासकांची नावे उघड होण्यापूर्वी ठरली पाहिजे, गोतसभेतील राजीनाम्यांप्रमाणे. पुनर्विकासासंबंधी शासनाने ७९(अ) कलमाखाली दिलेल्या २०१९ च्या निर्देशांत निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि सभेचे चित्रीकरण यांवर जो भर आहे, तो या दृष्टीने योग्यच आहे.

समितीच्या कामात प्रत्यक्ष ओझे कोण वाहतो, याचे सर्वांत हृद्य उदाहरण आपल्या घटनेच्या मसुदा समितीचे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या सात जणांच्या त्या समितीविषयी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीस सांगितले की एका सभासदाने राजीनामा दिला, एक मरण पावला, एक अमेरिकेत होता, एक संस्थानी कारभारात गुंतला होता, एखाददुसरा दिल्लीपासून दूर होता, आणि अखेर सारा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. एका माणसाने समितीचे काम केले तर ते एकट्याचे मत ठरत नाही काय? येथे ते ठरले नाही. कारण मसुदा छापून लोकांपुढे ठेवला गेला, त्यावर ७६३५ उपसूचना आल्या, त्यांतील २४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि त्यांना बहुधा बाबासाहेबांनाच उभे राहून उत्तर द्यावे लागले. मसुदा एकाने लिहावा आणि त्याची परीक्षा सर्वांनी करावी, ही कामाची वाटणी मला फार मोलाची वाटते. वीस जणांनी मिळून वाक्यरचना करण्याइतका कालापव्यय दुसरा नाही.

या वाटणीचे निराळे, आणि माझ्या मते अधिक खोल, रूप गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावी पाहावयास मिळते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची म्हणून गाजली. पण घोषणेपेक्षा तेथील पद्धत महत्त्वाची आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे दोन वेगळ्या बैठकी रूढ झाल्या. अभ्यास गटात एखाद्या विषयाचा, मग तो वनकायदा असो की बांबूची तोड, सांगोपांग विचार होतो, जाणकार बाहेरून येतात, शंका काढल्या जातात. मात्र तेथे कोणताही निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, आणि तो सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो आणि पुढील सभेत पुन्हा येतो. या रीतीने चालणाऱ्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि २०१३ मध्ये गावाने ग्रामदान केले. सर्वांनी आपापली जमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय बहुमताने रेटता आला नसता.

मेंढ्याची सर्वसहमती आणि आपल्या संस्थांतील ‘सर्वानुमते मंजूर’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेथे प्रत्येकाला थांबविण्याचा अधिकार आहे म्हणून संमतीला मोल आहे. येथे कोणी थांबवीत नाही म्हणून संमती गृहीत धरली जाते. पाचशे वस्तीच्या, एकमेकांच्या सुखदुःखात नांदणाऱ्या गावाची रीत हजारो भागधारकांच्या बँकेस जशीच्या तशी लागू पडणार नाही, आणि एका हट्टी माणसाच्या नकाराने पगारपत्रक अडून राहणे कोणत्याही संस्थेस परवडणार नाही. परंतु मोठ्या विषयांपुरती तरी विचाराची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवणे कोणत्याही मंडळाला शक्य आहे. पहिल्या बैठकीत ठरावाचा मसुदा मेजावर नसल्याने माणसे बाजू घेत नाहीत, आणि दोन बैठकींमध्ये गेलेल्या पंधरवड्यात गल्लीतल्या त्या बंद दुकानाची बातमी कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडते.

राहता राहिले इतिवृत्त. प्रोसिडिंग बुक ही संस्थेची स्मृती असते आणि ८८ व्या कलमाखाली नुकसानीची जबाबदारी ठरविण्याची वेळ आली म्हणजे पुरावाही तिचाच निघतो. तरीही आपल्याकडे ती सभेनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी आठवणीवर लिहिली जाते, क्वचित ठरावाखाली चार-सहा ओळी मोकळ्या सोडल्या जातात, आणि त्या ओळींत मागाहून काय येईल हे कोणालाच सांगता येत नाही. पृष्ठांना छापील क्रमांक असावेत, मोकळ्या जागेवर रेघ मारावी, आणि ठरावाचे शब्द सभा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावेत. सूचक-अनुमोदकांची नावे सर्वत्र लिहितात. विरोध करणाऱ्याचे नाव आणि त्याचे कारण लिहिण्यास मात्र चिटणीस नाखूश असतात, जणू त्याने संस्थेला बट्टा लागतो. ज्या संचालकाला ठराव पटला नाही त्याने आपला विरोध नोंदविण्याची मागणी त्याच सभेत, आवाज न चढविता, करावी आणि पुढील सभेत इतिवृत्त कायम होताना ती नोंद आली आहे की नाही हे पाहावे. कायम करण्याचा पहिला विषय त्यासाठीच असतो. त्याच्या जोडीला दुसरा विषय म्हणून मागील ठरावांवर झालेल्या कार्यवाहीचा अहवाल घ्यावा: ठराव क्रमांक, कोणाकडे सोपविला, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाला की नाही. हे चार रकाने जी संस्था सलग वर्षभर भरते, तिच्या बैठकीला संचालक वेळेवर येऊ लागतात, आणि दिवाळी भेटीचा विषय दहा मिनिटांत संपतो.